टाचणवहीतल्या तिथी

तुला जाऊन सव्वा महिना झाला, आणि मला अजून वर्गात मोठ्याने बोलता येत नाही. घसा ठणठणीत आहे. सवय मोडत नाही, एवढंच. सात वर्षं आपण एकाच खोलीत शिकवलं. मधोमध दोन फळे पाठीला पाठ लावून उभे. अलीकडे मी आणि माझी तिसरी-चौथी, पलीकडे तू आणि तुझी पहिली-दुसरी. तुझ्या पोरांचं गाणं चालू असलं की मी पाढे हळू म्हणवून घ्यायचो. माझं गणित रंगात आलं की तू पोरांना चित्रं काढायला बसवायचीस. आता पलीकडे शिकवणारं कुणी नाही, तरी मी चार वाक्यं बोलतो आणि थांबतो. तुझं काही चालू असेल तर पूर्ण होऊ दे म्हणून. पोरं माझ्या तोंडाकडे बघत बसतात.

घरी तर माझं म्हणणं खोडून काढायलाच कुणी नाही. मी म्हणतो, आज फार उकडतंय. कुणी काही बोलत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, सातारच्या माणसाला इथे बारा महिने उकडतंच, त्यात आजचं काय कौतुक? लग्नाला चौदा वर्षं झाली होती आपल्या, त्यातली निम्मी या खाडीकाठच्या शाळेत गेली. आपल्याला मूल नाही याबद्दल लोकांनी आपल्याहून जास्त सुस्कारे टाकले. आपण भांडलो ते दुसऱ्यांच्या पोरांवरून. त्यातलं एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि ते एकट्याने कसं पुरं करावं ते मला कळत नाही.

भांडणाची सुरुवात माझ्या घड्याळापासून झाली. आठवतं का, बदलीवर आलो तेव्हा बोईसर स्टेशनवर उतरून बैलगाडीत बसलो, तर तुझ्या मांडीवर भांड्यांचं गाठोडं आणि माझ्या मांडीवर ते भिंतीवरचं घड्याळ. बैलगाडीवाला सारखा मागे वळून बघत होता. पहिल्याच दिवशी मी ते शाळेत टांगलं आणि जाहीर केलं, अकराला टोल, अकरा-पाचला हजेरी, त्यानंतर येईल त्याने पडवीत अंगठे धरून उभं राहायचं. तू घरी आल्यावर विचारलंस, "या गावात घड्याळ आणखी कुणाकडे आहे?" मी म्हटलं, "म्हणूनच तर टोल आहे." तू म्हणालीस, "आणि टोल ऐकू यायला पोरं असतात कुठे?" मला वाटलं, नवीन गाव, नवी शाळा, उगाच काहीतरी बोलतेयस.

पोरं खाडीत असायची. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. हातापायांना चिखल, अंगाला चिखलाचा वास, कुणाच्या फडक्यात शिंपल्या, तर कुणाच्या चड्डीच्या खिशात जिवंत निवटा मासा वळवळतोय. मी त्याला खेळ समजत होतो. सातारकडे पोरं विहिरीत डुंबतात, इकडे चिखलात लोळतात, असा माझा हिशेब. ती शिंपली दुपारच्या कालवणाची आणि तो निवटा रात्रीचा, हे तू मला सांगेपर्यंत वर्ष उलटलं होतं. सांगितल्यावरही मी म्हटलं, "मग लवकर उठून जावं."

तू पोटभर हसलीस. म्हणालीस, "समुद्राला सांगा तसं."

तुला हे सगळं शेजारच्या आजीने शिकवलं होतं. तुला पंचांगातलं काही कळत नव्हतं, आणि आजीला अक्षर. तरी तुम्ही दोघी ओट्यावर बसून बोटांवर काहीतरी मोजायच्या. एकदा मी तिथेच पान खात उभा होतो. आजी सांगत होती, "चवथ-पंचमीला पानी सकालचं नव-दहाला हटतं, बाय. तवा पोरा खाडीत. पुनव-अवसेला उधान, पानी पहाटेच लांब जाते. आन् अष्टमी-नवमीला भांग. भांगाला पानी हटतच नाय धड. जाल्यात मासली नाय, खाडीत शिंपली नाय." तू विचारलंस, "मग पोरं खातात काय?" आजी म्हणाली, "काय खातील? कालचा भात अशेल तर अशेल. नाय तर पेज." मी पान थुंकून आत निघून गेलो. बायकांच्या गप्पा, मला काय करायचंय.

हिरू या आजीचीच नात, म्हणून मी तिला ओळखत होतो असं मला वाटायचं. तुझ्या हाताखाली ती दोन वर्षांत वाचायला शिकली आणि माझ्याकडे तिसरीत आली. गणितात अशी मुलगी मी साताऱ्यातही पाहिली नाही. तोंडी हिशेब घातला की बाकीची पोरं बोटं उघडायच्या आत ही उत्तर देऊन खिडकीबाहेर बघायला लागायची. बाप दुसऱ्याच्या होडीवर खलाशी, वर्षातले आठ महिने गुजरातच्या बाजूला. आई बाळंतपणानंतर अंथरुणालाच खिळलेली. त्यामुळे हिरूच्या कमरेवर कायम तिचा धाकटा भाऊ. मी म्हटलं, शाळेत मूल आणायचं नाही. दुसऱ्या दिवशी तुझं जुनं हिरवं लुगडं आढ्याला बांधून तू तुझ्या बाजूला झोळी केलीस. झोळीला एक दोरी, दोरीचं टोक तुझ्या पायाच्या अंगठ्यात. शिकवता शिकवता तू पाय हलवायचीस आणि फळ्याच्या पलीकडून आढ्याचं लाकूड करकरायचं. माझा भागाकार त्या करकरीत सात वेळा चुकला. मी चिडून म्हटलं, ही शाळा आहे की पाळणाघर? तू म्हणालीस, "झोळी माझ्या वर्गात आहे, गुरुजी. तुम्ही तुमच्या फळ्याकडे बघा." शाळेत तू मला गुरुजीच म्हणायचीस, पण त्या दिवशी ते जरा टोचलं.

आणि मग ती तपासणी. ती मला विसरता येत नाही, आणि आता तर तुझ्याशिवाय कुणाला सांगताही येत नाही.

साहेब येणार म्हणून कळलं, तेव्हा मी माझी हजेरीची पानं चाळून बसलो होतो. मला एक गंमत दिसली. महिन्यातून दोनदा तीन-चार दिवस असे येतात की एकही पोर उशिरा येत नाही, आणि वर्गही शांत. खोड्या नाहीत, मारामाऱ्या नाहीत, खडूचा तुकडासुद्धा हरवत नाही. उलट काही दिवस अर्धा वर्ग बाराला उगवतो, आणि काही दिवस सगळे वेळेवर पण नुसता धिंगाणा. मला वाटलं, माझी शिस्त हळूहळू मुरतेय. मी साहेबांना निरोप धाडला की अमुक तारखेला यावं, आणि ते आलेही. पोरं अकराच्या आधी हजर. तुझी दुधाची भुकटी कालवून तयार होती. सरकारचं ते दूध पोरं आल्या आल्या वाटायचं असा तुझा नेम. मी म्हटलं, आज दूध मागाहून. भांडी, सांडलवंड, साहेबांपुढे नको. तू माझ्याकडे पाहिलंस, मी नजर चुकवली. दीड तास पोरं हाताची घडी घालून बसली. टाचणी पडली तरी ऐकू यावी. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, शिस्त उत्तम. मला म्हणाले, "किनाऱ्यावरच्या शाळेत असा वर्ग मी पाहिला नाही."

त्यांना एस.टी.पर्यंत पोचवून मी आलो, तर तू पिंप पुसत होतीस. मी शेरा वाचून दाखवला. तू मान वर न करता म्हणालीस, "आज नवमी. भांगाचा दुसरा दिवस."

"मग?"

"मग काही नाही. पोरं शांत नव्हती हो. त्यांच्यात जीव नव्हता."

मी संतापलो. खूप बोललो. माझ्या हातून एक चांगली गोष्ट झालेली तुला बघवत नाही, इथपर्यंत बोललो. तू एकच उत्तर दिलंस, ते मात्र आयुष्यभर पुरेल असं. म्हणालीस, "ज्या दिवशी त्यांचं पोट भरलेलं असतं त्या दिवशी ती दंगा करतात, आणि नेमकी त्याच दिवशी तुमची छडी निघते. उपाशी असली की तुम्ही शाबासकी देता. एवढं एकदा तपासून बघा." त्यानंतर पाच दिवस आपण फक्त मीठ-मिरचीपुरतं बोललो. तू पुन्हा एकदा विषय काढलास, की चौथ-पंचमीच्या दिवसांत शाळा बाराला भरवू या. मी म्हटलं, शाळा काय पंचांग बघून भरवायची? तू म्हणालीस, "तुमचे वडील मृग बघून पेरतात. त्यांना कुणी अंगठे धरायला लावतं का?" मी दिवा पुसत बसलो.

तपासून मी काही बघितलं नाही. उलट शेरेबुकातल्या त्या दोन शब्दांनी मी जास्तच कडक झालो. हिरू तेव्हा चौथीत आली होती. एका सकाळी ती पावणेबाराला आली, कमरेवर भाऊ, पोटऱ्यांवर वाळलेला चिखल. मी दारात उभा राहून म्हटलं, "वेळेवर यायचं असेल तर ये, नाहीतर येऊ नको." अशी वाक्यं मास्तर लोक दिवसातून दहा वेळा बोलतात. पोरं ती ऐकतात आणि मुकाट्याने अंगठे धरतात. हिरू हिशेबाची मुलगी. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मंग नाय येत, गुरुजी." आणि वळून चालायला लागली. तू फळ्यामागून धावत आलीस तोवर ती बांधापर्यंत गेली होती.

महिनाभर ती आली नाही. नियमाप्रमाणे मी तांबड्या शाईने तिचं नाव कमी केलं. तू दोनदा तिच्या घरी जाऊन आलीस. दुसऱ्यांदा आल्यावर म्हणालीस, "मी बोलावून ती यायची नाही. तिला तुम्ही घालवलंय. तुम्ही जा." मी म्हटलं, "परीक्षा होऊ दे, मग बघू." याच सुमारास तारापूरच्या बाजूला विजेच्या केंद्राचं काम जोरात सुरू झालं होतं, आमच्या घाटावरची चार कुटुंबं कामाला आली, त्यांची पोरं शाळेत आली. पायांत चपला, डब्यात भाकरी, अकराला पाच कमी असताना हजर. मी तुला त्यांची उदाहरणं द्यायला लागलो. आज लाज वाटते. डब्यात भाकरी होती म्हणून ती अकराला हजर होती, एवढं मला समजायला तुला जावं लागलं.

परीक्षेच्या आधीच तुला ताप आला. पालघरच्या दवाखान्यात तुझी बहीण सोबतीला होती, आणि तूच मला हाकलत होतीस, की दोघंही नसलो तर शाळा बंद राहील. म्हणून मी दुपारपर्यंत शाळा करायचो आणि बोईसरहून गाडी पकडून तुझ्याकडे यायचो. त्या शेवटच्या संध्याकाळी तू बराच वेळ डोळे मिटून होतीस. मग विचारलंस, "हिरू?"

मी म्हटलं, "येते."

"कधीपासून?"

"सोमवारपासून. मी गेलो होतो तिच्या घरी."

"वेळेवर येते?"

"अकराच्या टोलाला. आजसुद्धा."

तू विचारलंस, "आज तिथी काय?" मला वाटलं, तुझा काही उपास असेल. बहिणीने सांगितलं, पंचमी. तू हसलीस. अगदी थोडं, ओठांच्या एका कोपऱ्यात. म्हणालीस, "बरं." आणि माझ्या हातावर हात ठेवलास. मला वाटलं, तुला बरं वाटलं. बोईसरला परत येताना गाडीत मला स्वतःचं कौतुक वाटत होतं की शेवटी का होईना, तुझ्या मनासारखं काही बोललो. खोटं बोलतात म्हणून ज्या हाताने पोरांना छड्या मारल्या, त्याच हातावर तू हात ठेवला होतास. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला.

तेरा दिवस आणि पुढचा आठवडा मी काही केलं नाही. आजी रोज वाडग्यात काही ना काही झाकून ठेवून जायची. मग शाळा उघडावीच लागली. नवीन शिक्षक मिळेपर्यंत चारही इयत्ता माझ्याच. तुझ्या वर्गाला कुठवर शिकवून झालंय ते बघायला मी तुझी टाचणवही उघडली. उद्या काय शिकवायचं ते आदल्या दिवशी लिहून ठेवायची ही वही. माझी वही म्हणजे गेल्या वर्षीची नक्कल. तुझी मी सात वर्षांत उघडली नव्हती. मुख्याध्यापक म्हणून सही करायचो ती शेवटच्या पानावर.

प्रत्येक तारखेखाली पेन्सिलने बारीक तिथी. आणि तिथीसमोर तुझं ते गोल अक्षर. "चतुर्थी. निम्मी बाराला येतील. तोवर गाणी, गोष्ट. वजाबाकी बारानंतर." "अमावास्या. पहाटे खाडीला जाऊन आली, पोटं भरलेली, दंगा करतील. करू दे. नवीन धडा आजच घेणे." "अष्टमी. भांग. नवीन काही शिकवू नये, डोक्यात जात नाही. दूध आधी. झोपेल त्याला उठवू नये." पानामागून पान. फळ्याच्या पलीकडे, माझ्या पाठीमागे, सात वर्षं तू समुद्राच्या वेळापत्रकाने शाळा चालवलीस, आणि मला त्याचा आवाज तेवढा ऐकू आला. गेल्या वर्षाच्या वहीत समासात लिहिलं होतं, "गुरुजींना सांगणे." त्याखाली, "सांगितले." चार पानांनंतर, "पुन्हा सांगणे." असं नऊ वेळा मोजलं आणि मग मी मोजणं सोडलं.

मग एका पानावर, "पंचमी. हिरू आज वेळेवर येणारच नाही. आली तर समजावे की घरी चूल पेटणार नाही."

मी वही मिटली. खूप वेळाने पुन्हा उघडली आणि तेच पान वाचलं. तर तुला कळलं होतं. पंचमीला अकराच्या टोलाला हिरू येते, असं मी सांगत होतो, आणि तू ते ऐकून बरं म्हणालीस. माझं खोटं तू पोरांचं खोटं ऐकायचीस तसंच ऐकलंस. पोटात दुखतं म्हणून पाटी नाही आणली, असं एखादं म्हणालं, की तू त्याला तुझ्याकडची पाटी द्यायचीस आणि पोटाचं काही विचारायची नाहीस. माझ्या रागीट स्वभावाबद्दल तू कधी तक्रार केली नाहीस, पण त्या दिवशी तरी रागवायला हवं होतंस गं. मी एकटा या गोष्टीचं काय करू?

पुढच्या चतुर्थीला मी शाळेला कुलूप ठेवून सकाळी नऊला खाडीवर गेलो. अर्धी शाळा तिथेच होती. चपला काढल्या, धोतर खोचलं आणि चिखलात उतरलो. पाच पावलांत गुडघ्यापर्यंत रुतलो. पोरं आधी घाबरली, मग हसायला लागली, आणि मला हसू नका म्हणून ओरडायचंही सुचलं नाही. हिरू भावाला पाठीशी बांधून वाकली होती. ती तिथूनच ओरडली, "गुरुजी, तिथं नको, रुताल. या वाटंनं या."

मी म्हटलं, "हिरू, शाळेत ये."

"नाव काटलंय ना माजं."

"मी काटलं. मीच घालतो."

ती शिंपल्या उकरत राहिली. "पानी भरल्याबिगर नाय यायला जमत."

"पाणी भरल्यावर ये. मी थांबतो."

ती उभी राहिली, माझ्याकडे नीट बघितलं. "आन् याला?"

"झोळी अजून आहे तशीच."

"बाई नाय आता," ती म्हणाली. "झोका कोन देल?"

मला चिखलात उभं राहून रडू आलं. पोरांसमोर. मी तुझ्या बहिणीसमोरही रडलो नव्हतो. हिरूने हात पुढे केला आणि मला पाऊल कुठे टाकायचं ते दाखवत बाहेर आणलं.

त्या दिवशी टोल सव्वाबाराला दिला. घड्याळ भिंतीवर आहे, त्याला चावीही देतो, पण टोलाआधी तुझी वही बघतो. साहेबांचा कागद आला आहे, शाळा वेळेवर भरत नसल्याची तक्रार आहे म्हणून. आमच्या घाटावरच्याच कुणीतरी केली असेल. मी सगळं लिहून कळवलंय, तिथींसकट, आणि खाली लिहिलंय की हे निरीक्षण माझं नाही. काय उत्तर यायचं ते येईल. बदली झाली तर वही मी नव्या मास्तरांच्या हातात देईन, फळीवर ठेवून जाणार नाही.

झोळीची दोरी आता दोन्ही फळ्यांखालून माझ्या बाजूला ओढून घेतली आहे. अंगठ्यात धरून ठेवतो. तुझ्यासारखी लय काही जमत नाही, मूल मध्येच दचकून उठतं आणि पोरं मला सांगतात, गुरुजी, हलू, हलू. आढ्याचं लाकूड मात्र तसंच करकरतं. पाठीमागून तो आवाज आला की मी बोलायचा थांबतो, तुझं चालू असेल तर पूर्ण होऊ दे म्हणून.

तुला शेवटचं जे सांगितलं ते दुरुस्त करायचं होतं, म्हणून एवढं लिहिलं. हिरू शाळेत येते. वेळेवर येत नाही.